मावत नाही म्हणून

बेळगावात सणाच्या दिवसांत कमानीवर, साडीच्या दुकानावर, लग्नाच्या हॉलबाहेर कन्नडमधला एक शब्द हमखास दिसतो: संभ्रम. दसरा संभ्रम, दीपावळी संभ्रम. कन्नड जेमतेम जुळवून वाचणारा पुण्याकडचा पाहुणा तिथं अडखळतो. मराठीत संभ्रम म्हणजे मनाचा गोंधळ, काय करावं ते न कळणं. त्याला वाटतं, दिवाळी नक्की कुठल्या तिथीला धरायची यावरून वाद झालेला दिसतोय. (तसा तो होतोही, पण त्याचा बोर्ड कुणी लावत नाही.) कन्नडमध्ये मात्र संभ्रम म्हणजे आनंदाची धांदल, उत्सव. मूळ संस्कृत धातू भ्रम्, गरगर फिरणं. त्यातून संभ्रम म्हणजे लगबग, आवेग, उतावीळ. त्या लगबगीतला गोंधळ मराठीनं ठेवून घेतला आणि उत्साह कन्नडनं. लग्नघरात सकाळी ७ वाजता डोकावलं, तर दोन्ही अर्थ एकदमच खरे असतात.

दुसरा शब्द हिग्गु. कन्नडमध्ये हिग्गु म्हणजे हर्ष, आणि हिग्गु म्हणजे फुगणं, विस्तारणंसुद्धा. मराठीत आनंद पोटात मावत नाही, गगनात मावत नाही. दोन्ही भाषांनी आनंद मापून पाहिला तो आकारमानात, आणि दोन्हींचं उत्तर एकच आलं: भांडं लहान पडतं. मग जे मावत नाही ते सांडणार. म्हणूनच की काय, निपाणीपासून सौंदत्तीपर्यंतच्या या पट्ट्यात आनंदाची खूण जपून ठेवायची वस्तू नसते, ती हातातून सोडायची वस्तू असते. उधळायची, टाकायची, लुटायची, वाटायची. एरवी उधळ्या ही शिवी आहे आणि उधळलेला बैल हे संकट. यात्रेत मात्र उधळण हे पुण्य. कन्नडमध्ये भंडार ‘तूरतात’. खळ्यावर वाऱ्याला उभं राहून धान्य वारवतात, त्यालाही हेच क्रियापद. शेतकऱ्याच्या हाताची सवय देवापुढंही सुटत नाही.

तर या मुठीत काय काय असतं, ते कसं करतात आणि कुठं फसतं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

सुरुवात भंडाऱ्यापासून. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीची मायाक्का, निपाणीजवळच्या अप्पाचीवाडीचा हालसिद्धनाथ, सीमेपलीकडं पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव. यात्रा वेगळ्या, महिने वेगळे, पण ‘चांगभलं’चा गजर झाला की वर उडते ती हळदच. माणसं, बैल, मंदिराच्या पायऱ्या, पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचा, सगळं एकाच रंगाचं होऊन जातं. कोण मराठी बोलणारा आणि कोण कन्नड, ते तोंड उघडेपर्यंत कळत नाही. आणि तोंड उघडलं तरी ‘चांगभलं’ दोघांचंही सारखंच.

भंडारा म्हणजे हळदीची पूड. हळकुंडं शिजवायची, वाळवायची, घासून वरचं साल काढायचं आणि दळायची. स्वयंपाकाच्या हळदीपेक्षा भंडारा थोडा जाड दळलेला बरा. फार वस्त्रगाळ असेल तर हवेत तरंगत राहतो आणि नाकातोंडात जातो. जाड असेल तर वर जाऊन अंगावर उतरतो. मोठ्या माणसाच्या मुठीत साधारण ३० ग्रॅम मावतो, म्हणजे एका किलोत तीसेक मुठी. घरातली ४ माणसं आणि ५ ठिकाणचा नमस्कार धरला तर एक किलो पुरतो. त्यापुढची पिशवी श्रद्धेची की फोटोची, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

फसतं ते विकत घेताना. यात्रेच्या वाटेवर ढीग लावून विकला जाणारा स्वस्त भंडारा बऱ्याचदा पिवळा रंग लावलेलं पीठ असतो. ओळखायच्या दोन रीती आहेत. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाका आणि ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळलेली असेल तर पाणी लगेच गडद पिवळं होतं. दुसरी रीत आजीबाईंची: चिमूटभर पुडीवर चुन्याची निवळी टाकायची. हळद लाल होते, नुसतं रंगवलेलं पीठ पिवळंच राहतं. अर्धी हळद आणि अर्धं पीठ असेल तर तेही लाल होईल, म्हणून आधी पाण्याची परीक्षा, मग चुन्याची. कुंकू मुळात असंच होतं, हळदीला खार लागून. एकाच कपाळावर पिवळं आणि लाल अशा दोन वस्तू दिसल्या, तरी झाड एकच.

फेकण्याचीही पद्धत आहे. वारा पाठीशी घ्यायचा, तळवा वर करून, खांद्याच्या उंचीवरून मूठ वर सोडायची. समोरच्याच्या तोंडावर मारायची नाही. हळद डोळ्यात गेली तर चोळू नये, डोळा उघडा ठेवून पाण्यानं धुवावा. भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडे उधळतात, पट्टणकोडोलीला खारीक आणि लोकरही. खोबऱ्याची अख्खी वाटी कुणी भिरकावली तर खालच्याचं डोकं फुटतं, म्हणून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. पुढं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगावं लागत नाही. ती आधीच डोक्यावर पदर नाहीतर टॉवेल घेऊन उभी असतात.

गुलालाची गोष्ट वेगळी, आणि इथं जरा थांबायला हवं. गुलाल म्हणजे बहुधा रंगवलेलं पिष्ट, मक्याचं नाहीतर तांदळाचं. बारीक, कोरडं पीठ हवेत दाट तरंगत असताना त्याला ज्योत लागली तर ते जळत नाही, भडकतं. पिठाच्या गिरण्यांत हा धोका जुना आहे. २०१५ च्या जूनमध्ये तैवानमधल्या एका वॉटर पार्कमध्ये मंचावरून रंगीत मक्याचं पीठ फवारत होते. ते पेटलं, १५ जण गेले आणि जवळपास ५०० भाजले. लांबचं उदाहरण नको असेल तर बेळगावला लागून असलेल्या चंदगड मतदारसंघातलं घ्या. २०२४ च्या नोव्हेंबरात, निकालाच्या संध्याकाळी, महागावात विजयाच्या मिरवणुकीवर जेसीबीतून गुलाल ओतला. खाली बायका ओवाळत होत्या. ताटातल्या ज्योतीवर तो लोंढा पडला आणि भडका उडाला, माणसं भाजली. मुठीनं उधळलेला गुलाल विरतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दिवटीशेजारी उधळूनही चाललं. जेसीबीच्या तोंडानं ओतला की त्याचं पुरतं गणित बदलतं. मूठ हे उधळणीचं माप आहे, ते मोडलं की उधळण राहत नाही. हळदही याला अपवाद नाही. पलिते, अगरबत्तीचे जुडगे, फटाके आणि पुडीची पोती यांच्यात अंतर ठेवावं, एवढं साधं आहे.

लग्नातली उधळण सौम्य असते. अक्षता. ‘अक्षता पडल्या’ म्हटलं की लग्न झालं, वेगळं सांगावं लागत नाही. कन्नड घरांत तिला अक्कीकाळू म्हणतात, म्हणजे तांदळाचे दाणे. अक्षता या शब्दाचा अर्थच न तुटलेलं, म्हणून कणी चालत नाही. एक किलो तांदूळ घ्यायचा तो चाळून, तुकडा बाजूला काढून. वर एक मोठा चमचा हळद किंवा कुंकू आणि चमचाभर तूप, हातानं चोळून. तुपाऐवजी पाणी वापरणारे पुष्कळ. पण पाणी जरा जास्त झालं की दाणे चिकटतात, गोळा होतो, आणि मंगलाष्टक संपताना वराच्या फेट्यावर अक्षतांऐवजी लाडू पडतो. कुंकवाच्या ओल्या अक्षता नवरीच्या पांढऱ्या नाहीतर मोतिया शालूवर डाग पाडतात, ते वेगळंच. पाण्यानं केल्या असतील तर रात्री करून पंख्याखाली कापडावर पसराव्यात. या भागात ज्वारीच्या अक्षताही चालतात, आणि मला त्याच जास्त आवडतात: दाणा गोल, हातातून मोकळा सुटतो, आणि जोंधळ्याच्या मुलखाला तोच शोभतो.

अक्षतांना नवरा-नवरी लागतेच असंही नाही. सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी प्रतीकात्मक लग्न. नंदीध्वज उभे, लोटलेली गर्दी, आणि अक्षता.

युरोप-अमेरिकेतही लग्नात तांदूळ टाकायची रीत होती. मग कुणीतरी पसरवलं की कच्चा तांदूळ खाऊन पक्षी फुगून मरतात, आणि पुष्कळ ठिकाणी तांदूळ बंद पडला. खानापूर-बेळगावच्या भातशिवारात सुगीभर पाखरं हाकलणाऱ्यांना हे ऐकवून बघा. पाखरं मरत नाहीत. पक्क्या फरशीवर तांदळावरून माणसं मात्र घसरतात, आणि तिथल्या बंदीचं ते कारण तरी खरं आहे.

आता बोरन्हाण, म्हणजे उधळणीतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात गोड प्रकार. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा ओततात. आजूबाजूची पोरं ते लुटतात. दहा-बारा पोरांसाठी अर्धा किलो चुरमुरे, किलोभर बोरं, दोन उसांचे करवे, पावशेर हलवा पुरतो. आकारमानानं निम्म्याहून जास्त चुरमुरेच हवेत. तेच हलके, तेच आवाज करतात, आणि मूल त्यांनाच हसतं. ऊस आणि बोरं डोक्यावर न ओतता बाजूला ओतायची, नाहीतर पहिल्याच ओंजळीला रडारड. शेंगदाणे, कडक गोळ्या, बियांची बोरं ही लहानग्याच्या तोंडात जाऊ नयेत. श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंत यांचा नंबर वरचा आहे. पाटावरच्या मुलाशेजारी एका माणसानं नुसतं त्याच्या हाताकडं बघत बसायचं. हे काम सहसा मावशीकडं येतं, आणि ती त्या नादात फोटोत कधीच येत नाही.

यातला हलवा म्हणजे खरी कारागिरी. कन्नडमध्ये कुसुरेळ्ळु. दोन चमचे पॉलिशचे तीळ, पाव किलो साखर, तिच्या निम्मं पाणी. उकळताना चमचाभर दूध टाकायचं म्हणजे साखरेचा मळ वर येतो, तो काढून पाक गाळून घ्यायचा. पाक एकतारीच्या आतच हवा, बोटाला नुसता चिकटण्याइतका. कोळशावर राख पांघरलेली शेगडी, वर कल्हईची परात, तीळ कोमट. अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हळूहळू फिरवायचे. कोरडे झाले की पुन्हा अर्धा चमचा. रोज दोनेक तास, असे चार-पाच दिवस. काटे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतात. आच जास्त झाली तर साखर दाण्याला न धरता पिठीसारखी परातीत उरते. पाक जास्त पडला तर गोळे. पाक पातळ असला तर आलेले काटेही विरघळतात, आणि हे सगळ्यात जिवावर येतं, कारण दोन दिवसांची मेहनत एका चमच्यात जाते. हवा कोरडी आणि गार हवी. म्हणून जुन्या बायका हे काम पहाटे नाहीतर रात्री करायच्या. बेळगावची जानेवारी त्याला अगदी बेतानं जमते. पाऊस-दमट हवेत काटा धरत नाही.

आता इथून सरळ इटलीत जाता येतं, कारण तिथंही हेच करतात. कोथिंबिरीचे धने किंवा बदाम परातीत घ्यायचे, आचेवर हलवत राहायचे, थर थर साखर चढवायची. त्याला म्हणतात कन्फेत्ती. आपल्या हलव्याला काटे येतात. त्यांची साखळीला टांगलेली परात सतत डोलत राहते, आणि दाणा गुळगुळीत होतो. कार्निव्हलच्या मिरवणुकीत हे साखरेचे धने लोक एकमेकांवर फेकत. पुढं स्वस्तात म्हणून चुन्या-मातीच्या गोळ्या फेकू लागले, आणि त्या लागायच्या. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं मिलानच्या बाजूला कागदाच्या टिकल्या आल्या. रेशमाच्या किड्यांसाठी भोकं पाडलेले कागद लागत, त्या भोकांतून पडलेला कचरा. जगभर त्या टिकल्यांना आज कन्फेटी म्हणतात, पण इटलीत नाही. तिथं कागदाच्या टिकल्यांचं नाव ‘कोरिआंदोली’, म्हणजे धनेच. आणि कन्फेत्ती मागितली तर साखरेचे बदाम मिळतात. लग्नात पाहुण्यांना ते पाच देतात: आरोग्य, संपत्ती, सुख, संतती, दीर्घायुष्य. पाच अशासाठी की दोघांत समान वाटता येऊ नयेत. बदाम किंचित कडू, साखर गोड, संसार दोन्हींचा. पाडव्याला कडुलिंब-गूळ आणि उगादीला बेवु-बेल्ल खाणाऱ्यांना यात नवीन काही नाही. आपण फक्त कडूवर साखरेचा थर न चढवता दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो.

कागदाची उधळण पुढं अमेरिकेत गेली. १८८६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा शेअर बाजाराच्या कचेऱ्यांतल्या कारकुनांनी भाव छापणाऱ्या यंत्राच्या कागदी पट्ट्या खिडकीतून खाली सोडल्या. तीही एका परीनं रद्दीच. रद्दी उधळण्यात आणि शिजवून, वाळवून, दळून केलेली हळद उधळण्यात फरक आहे, असं मला वाटतं. आपल्याकडं हॉलमधून आता चमचमत्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या उडवतात. त्या कुणी खातही नाही, त्या कुजतही नाहीत, गटारात मात्र पावसाळ्यापर्यंत टिकतात. चुरमुरे सकाळपर्यंत मुंग्यांनी आणि चिमण्यांनी संपवलेले असतात.

बेळगावातल्या निकाहात कबूल झालं की छुहारे उधळतात, म्हणजे खारका. बिरदेवाला उडते तीच खारीक, त्याच पेठेतली. पायाखाली अन्न नको म्हणून आता पुष्कळ ठिकाणी पुडीत घालून हातात देतात. इराणात लग्नात ‘नोक्ल’ टाकतात, बदामाच्या कापांवर साखर चढवलेली. आणि वधू-वरांच्या डोक्यावर पांढरं कापड धरून त्यावर साखरेचे दोन सुळके एकमेकांवर घासतात, म्हणजे गोडाचा भुगा वरून झिरपत राहतो. जपानात तर घराचं आढं चढलं की मालक छपरावर चढून तांदळाचे लाल-पांढरे मोची आणि नाणी खाली फेकतो, आणि शेजारीपाजारी झोळी पसरून उभे राहतात. घर अजून उभं राहायचं असतं, भिंती नसतात, तरी आनंद आधीच बाहेर गेलेला असतो.

चिनी लिपीत आनंदाच्या अक्षराचा उच्चार ‘शी’ असा आहे. मराठी कानाला हे विचित्रच वाटतं, पण त्याची घडण बघावी: वर बैठकीवर ठेवलेला ढोल, खाली तोंड. वाजवणं आणि ओरडणं. लग्नात तेच अक्षर जोडून दोनदा लिहून, लाल कागदावर कापून दारावर लावतात. ढोल आणि तोंड म्हटल्यावर सीमाभागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं हलगी येणार. हलगीचं कातडं दमटपणानं सैल पडतं, आवाज मेलेला येतो. म्हणून वाजवणारे कडेला पाचट पेटवून ती शेकतात आणि बोटानं टिचकी मारून बघतात. फार तापली तर कातडं तडकतं. पावसाळी यात्रेत दर अर्ध्या तासाला हे करावं लागतं. आवाज हाही उधळायचाच प्रकार; फक्त त्याला पुन्हा पुन्हा आगीपाशी न्यावं लागतं.

दसऱ्याला उलटंच होतं. टाकायचं सोडून सोनं लुटायचं. कन्नडमध्ये ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण’, बन्नी घेऊन बंगारासारखे राहू. मराठीत सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. बन्नी म्हणजे शमी, सोनं म्हणजे आपटा, आणि एकाच गल्लीत दोन्ही झाडांची पानं एकमेकांच्या खिशात जातात. बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं विकली जातात ती मोठी, पातळ, नजरेत भरणारी. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि मळकट हिरवं. फांद्याच्या फांद्या तोडून आणू नयेत, चार पानं पुरतात.

यात्रेहून परतल्यावर भंडाऱ्याचे कपडे हा घराघरातला प्रश्न. कपडे आधी कोरडेच झटकायचे, पाणी लागण्याआधी. साबण लावला की पिवळ्याचे लाल डाग होतात, चुन्याच्या निवळीनं होतात तसेच, आणि नवी सून घाबरते. घाबरायचं कारण नाही. साबण पुरता खळबळून काढला की लाली जाऊन पुन्हा पिवळं उरतं. मग सावलीत नाही, रखरखीत उन्हात वाळत घालायचं. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. तीन-चार धुण्यांत सदरा पांढरा होतो. कॉलरच्या आतली शिवण आणि खिशाचा तळ एवढे दोन कोपरे तेवढे पुढच्या यात्रेपर्यंत पिवळे राहतात.